यंत्राच्या आधी पोहोचलेला गणिती

धरमपेठेतल्या ज्या जुन्या घरांत आता आई-वडील दोघेच उरले आहेत, तिथली रविवारची सकाळ एका ठरावीक वेळेला सुरू होते. चहाची भांडी विसळून झालेली असतात, गोकुळपेठेतून आणलेली भाजी ओट्यावर तशीच पडलेली असते आणि जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो. पलीकडे कॅलिफोर्नियात रात्र असते. नातवाचा चेहरा पडद्यावर येतो. नेट मंदावले की त्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात, क्षणभराने पुन्हा जुळतात. आजी चष्मा पुसते. दोष चष्म्याचा नसतो.

ते चौकोन हा या लेखाचा खरा प्रारंभबिंदू. नातवाचा चेहरा समुद्रापलीकडून जसाच्या तसा कधीच येत नाही. त्यातले जेवढे अत्यावश्यक, तेवढेच निवडून पाठवले जाते आणि इकडच्या यंत्रात त्यातून चेहरा पुन्हा उभा केला जातो. प्रचंड माहितीचे सार थोडक्या संख्यांत कसे पकडावे, या प्रश्नाचे एक मूलभूत गणिती उत्तर १९४३ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील एका मराठी प्राध्यापकाने प्रसिद्ध केले होते. त्या वेळी भारतात संगणक नव्हता. आज ज्या अर्थाने आपण तो शब्द वापरतो, त्या अर्थाचा संगणक जगातही कुठे चालू झालेला नव्हता. त्या प्राध्यापकाचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

हे नाव वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. कोसंबी म्हटले की आपल्याला प्राचीन भारताचा इतिहासकार आठवतो. नाण्यांचा, लेण्यांचा, जुन्या पायवाटांचा आणि ग्रामदेवतांचा अभ्यासक आठवतो. ते व्यवसायाने अखेरपर्यंत गणिती होते आणि सरकारी पातळीवर गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी परदेशी पाठवल्या गेलेल्या पहिल्या काही भारतीयांपैकी एक होते, ही गोष्ट त्यांच्या इतिहासग्रंथांच्या वाचकांनाही बहुधा ठाऊक नसते.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पालीचे थोर पंडित. बुद्धाच्या शिकवणुकीच्या ओढीने घर सोडून वाराणसी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश अशी पायपीट केलेला हा माणूस. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत असताना त्यांना हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले आणि १९१८ साली ते अमेरिकेला निघाले. सोबत थोरली मुलगी माणिक आणि ११ वर्षांचा दामोदर. पुण्याच्या शाळेतून उचलून मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या शाळेत बसवलेला हा मुलगा तिथे रुळला, स्काऊटमध्ये गेला, भाषा शिकला, आणि गणितात इतका पुढे गेला की हार्वर्डची प्रवेशपरीक्षा त्याला माफ झाली.

त्याच काळात त्याची ओळख नॉर्बर्ट वीनर यांच्याशी झाली. वीनर यांचे वडील हार्वर्डमध्ये धर्मानंदांचे सहकारी. वीनर दामोदरपेक्षा १३ वर्षांनी मोठे, बालपणीच विद्वान म्हणून गाजलेले. पुढे १९४८ साली यंत्रे आणि सजीव यांच्यातील नियंत्रणाचे शास्त्र, म्हणजेच सायबरनेटिक्स, त्यांनी ग्रंथरूपाने मांडले. ज्यांच्या डोक्यातून संगणकयुगाची वैचारिक पायाभरणी झाली, त्यांच्यापैकी एकाच्या सहवासात गोव्यात जन्मलेला हा मुलगा वाढला. याचा त्याच्यावर नेमका किती परिणाम झाला हे मोजून सांगता येणार नाही. पण गणिताला विषयांची कुंपणे नसतात, हा धडा त्याने तिथेच घेतला असावा असे मला वाटते.

मध्ये एकदा भारतात येऊन, गुजरात विद्यापीठात वडिलांसोबत राहून, जानेवारी १९२६ मध्ये दामोदर पुन्हा अमेरिकेला गेले. हार्वर्डमध्ये जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारख्या पहिल्या दर्जाच्या गणितज्ञाने त्यांना केवळ गणितावर लक्ष केंद्रित करायला सांगितले. त्यांनी ते ऐकले नाही. भाषा, इतिहास, विज्ञान, जे दिसेल ते शिकत राहिले. १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत बी. ए. झाले. डॉक्टरेट त्यांनी पुढेही कधी केली नाही.

परतल्यावर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताबरोबर जर्मनही शिकवले. १९३१ साली नलिनी मडगावकर यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांनी त्यांना अलीगढला बोलावून घेतले. वेल तेव्हा अवघ्या पंचविशीतले आणि खोडकर. त्यांच्या चिथावणीवरून कोसंबींनी एक शोधनिबंध लिहिला आणि त्यातील मूळ सिद्धान्ताचे श्रेय बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाला दिले. असा कोणी गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. नियतकालिकाने तो निबंध छापलाही. पुढे वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी याच नावाखाली सामूहिक ग्रंथलेखन केले आणि बूर्बाकी हे विसाव्या शतकातल्या गणितातले एक दरारायुक्त नाव झाले. अस्तित्वात नसलेल्या माणसाच्या नावावर कोसंबींनी प्रमेय लावले, आणि त्यांच्या स्वतःच्या प्रमेयावरून मात्र त्यांचे नाव गळून पडले. नियतीलाही विनोदबुद्धी असते म्हणायचे.

१९३२ साली ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये आले आणि सुमारे १४ वर्षे राहिले. ते प्रमेय याच काळातले. पण त्याआधी नाण्यांबद्दल सांगायला हवे, कारण कोसंबींचे मन कसे चालत असे ते तिथे दिसते.

आपल्या खिशातले नाणे हातोहाती फिरताना झिजते. एका नाण्याची झीज अनियमित असते, पण हजारो नाण्यांची झीज एका नियमाने होते. सरासरी वजन काळानुसार घटते आणि वजनांतली तफावत वाढत जाते. कोसंबींनी आधी चलनातली आधुनिक नाणी तोलून हा नियम ताडून पाहिला. मग प्राचीन काळातल्या चांदीच्या आहत नाण्यांकडे वळले. त्या नाण्यांवर ना राजाचे नाव असते ना साल, असतात फक्त ठसे. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यातली नाणी एकेक करून संवेदनशील तराजूवर तोलून कोणत्या ठशांचे नाणे अधिक काळ फिरले आणि म्हणून अधिक जुने, याचा क्रम त्यांनी वजनांवरून लावला. ज्या इतिहासाला लिखित साक्षीदार नाही, त्याचा साक्षीदार त्यांनी आकड्यांतून उभा केला. १९४० पासून या विषयावरचे त्यांचे लेख येऊ लागले. हजारो नाणी, प्रत्येकाचे वजन, त्यांच्या सरासऱ्या आणि विचलने, आणि हे सगळे गणित कागदावर. कॉम्प्युटर या इंग्रजी शब्दाचा अर्थ तोवर आकडेमोड करणारा माणूस असाच होता. कोसंबी त्या जुन्या अर्थाने स्वतःच कॉम्प्युटर होते.

आता १९४३ च्या त्या निबंधाकडे येऊ. तो इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याची भाषा तज्ज्ञांची आहे. पण आशय नागपूरकरांना समजायला अवघड नाही. आपल्या शहराच्या तापमानाचेच उदाहरण घेऊ. दिवसभर दर तासाला तापमान नोंदवले तर २४ आकड्यांची एक वक्ररेषा मिळते. वर्षभरात अशा ३६५ रेषा. मे महिन्यातली रेषा उंच डोंगरासारखी चढलेली, श्रावणातली सपाट, डिसेंबरातली पहाटे खोल बुडालेली आणि दुपारी बरी. प्रत्येक दिवस वेगळा दिसतो, पण नीट पाहिले तर या ३६५ रेषांमागे दोन-चारच मूळ आकार दडलेले असतात. एक आकार संपूर्ण दिवस वर उचलणारा, दुसरा दुपार आणि पहाट यांतले अंतर ताणणारा, तिसरा सायंकाळच्या पावसाने पारा खाली आणणारा. कोणताही दिवस म्हणजे वर्षाची सरासरी, अधिक पहिला आकार इतका, दुसरा इतका, तिसरा इतका. मग २४ आकडे जपून ठेवण्याऐवजी तीनच जपले तरी दिवस जवळजवळ पूर्ण ओळखता येतो.

प्रश्न असा की हे मूळ आकार कोणते घ्यायचे? नेहमीचा मार्ग म्हणजे ठरलेल्या लहरी, साइन आणि कोसाइन, वापरणे. कोसंबींनी दाखवले की आकार बाहेरून आणून लादण्याची गरज नाही. नोंदींच्या परस्परसंबंधांतूनच ते काढता येतात, आणि असे काढले की प्रत्येक आकाराचे प्रमाण दुसऱ्यापासून सांख्यिकीदृष्ट्या अलग राहते. ही कल्पना अगदी शून्यातून आली नव्हती. मोजक्या चलांसाठी कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये आणि हॅरॉल्ड होटेलिंग यांनी १९३३ मध्ये असेच काम केले होते. कोसंबींची झेप ही की त्यांनी ते अखंड बदलत्या राशींना, सलग वक्रांना, लावले.

पण प्रत्यक्ष उत्तर काढायचे तर? पुन्हा आपले तापमान घ्या. प्रत्येक तासाचा प्रत्येक तासाशी संबंध काढायचा, म्हणजे पुनरावृत्ती वगळून ३०० जोड्या. प्रत्येक जोडीसाठी ३६५ गुणाकार. एकूण १ लाख ९ हजार ५०० गुणाकार. मिनिटाला एक या वेगाने दिवसाचे सहा तास कोणी बसला, तरी हे काम संपायला ३०४ दिवस लागतील, आणि एवढे करून केवळ तक्ता तयार होईल. त्यातून आकार शोधण्याचे खरे काम पुढेच. चोवीसऐवजी हजार बिंदू घेतले तर काय होईल याचा विचारही नको. १९४३ साली हे प्रमेय म्हणजे विहिरीच्या आधी बनवलेला रहाट होता.

युद्धाचे दिवस होते. भारतीय नियतकालिके युरोप-अमेरिकेच्या ग्रंथालयांत पोहोचण्याची खात्री नव्हती. फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी १९४० च्या दशकातच स्वतंत्रपणे हाच विस्तार मांडला, आणि पुढे अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत त्याला कारहुनेन-लोएव्ह असे नाव पडले. तिसरे नाव राहून गेले. इथे कोणी चोरी केली नाही हे स्पष्ट म्हटले पाहिजे. हे दोघेही मोठे गणिती आणि त्यांचे काम अधिक व्यवस्थित. शिवाय कोसंबींचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. एखादा दरवाजा उघडला की ते आत बिऱ्हाड थाटत नसत. पुढच्या दरवाजाकडे निघत. १९४४ साली त्यांचा अनुवंशशास्त्रावरचा निबंध आला, मग भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. आपल्या प्रमेयाचा पाठपुरावा करत बसायला या माणसाला वेळ कुठे होता?

१९४५ साली होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. संस्था तेव्हा मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात होती. कोसंबींनी पुणे सोडले नाही. डेक्कन क्वीनने सकाळी मुंबई, संध्याकाळी पुणे, असा प्रवास त्यांनी वर्षानुवर्षे केला. घाटातून जाणाऱ्या त्या गाडीत वाचन आणि लेखन चालत असे. सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी धुंडाळायच्या, अश्मयुगीन दगडी हत्यारे गोळा करायची. भाभांना त्यांच्याविषयी त्या काळात मोठा आदर होता. दोघेही परदेशात शिकलेले, दोघांच्याही महत्त्वाकांक्षा मोठ्या. नव्या भारतासाठी नवे विज्ञान उभारायचे तर मोठी गणिते करणारी यंत्रे लागणार, हे दोघांनाही दिसत होते.

म्हणून १९४८ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर कोसंबी इंग्लंड आणि अमेरिकेला निघाले. विषय होता गणनयंत्रांचे सैद्धान्तिक व तांत्रिक अंग. याहून अचूक मुहूर्त शोधून सापडला नसता. अमेरिकेतले एनिॲक हे यंत्र १९४६ साली जगासमोर आले होते. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या, वजन ३० टनांच्या घरात होते, आणि नवे गणित घालायचे तर तारांची जोडणी बदलण्यात दिवस जात. पुढचा प्रश्न होता तो हा की यंत्राला द्यायच्या सूचनाही आकड्यांप्रमाणे यंत्राच्याच स्मृतीत ठेवता येतील का? २१ जून १९४८ रोजी मँचेस्टरमध्ये एका छोट्या प्रायोगिक यंत्राने ते करून दाखवले. ६ मे १९४९ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हे यंत्र चालू झाले. आपण आज ज्याला संगणक म्हणतो तो याच एका वर्षात जन्माला आला, आणि ते वर्ष कोसंबी याच विषयाच्या शोधात घराबाहेर होते.

१९४९ च्या वसंतात त्यांनी शिकागो विद्यापीठात भूमिती शिकवली. एप्रिल-मे मध्ये प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत सुमारे दोन महिने राहिले. तिथे ओपेनहायमर संचालक होते, हेर्मान वाइल होते, आणि जॉन फॉन नॉयमन होते. फॉन नॉयमन यांचे स्वतःचे यंत्र तेव्हा त्याच आवारात उभारले जात होते; त्याच्या आराखड्याबरहुकूम पुढे जगभर यंत्रे बनली. ज्याच्या प्रमेयाला असे यंत्र हवे होते तो माणूस यंत्र बांधणाऱ्याशी समोरासमोर चर्चा करत होता. १९४३ चा तो निबंध आणि १९४९ चे ते यंत्र यांची गाठ तिथे पडायला हरकत नव्हती. पण तशी ती पडली नाही.

का पडली नाही, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. परतल्यावर कोसंबींचे आयुष्य निराळ्या वळणाला लागले. शीतयुद्ध सुरू झाले होते. अणुबॉम्बच्या सावलीत विज्ञानाने काय करावे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. ते जागतिक शांतता चळवळीत उतरले, जागतिक शांतता परिषदेचे सदस्य झाले, बीजिंग, हेलसिंकी, मॉस्को असा प्रवास केला. मार्क्सवादी विचारांची त्यांना ओढ होती, तरी पोथीनिष्ठ डाव्यांशीही त्यांचे जमले नाही. आणि ऊर्जेच्या प्रश्नावर ते थेट भाभांच्या विरोधात उभे राहिले. भाभा अणुशक्तीचे शिल्पकार. कोसंबींचे म्हणणे असे की ज्या देशावर सूर्य एवढा तळपतो, त्याने महागड्या आणि धोकादायक अणुभट्ट्यांमागे धावण्याऐवजी सौरऊर्जेवर संशोधन करावे. पन्नासच्या दशकात हे बोलणे वेडगळपणाचे वाटले असेल. नागपूरच्या छपरांवर आज सौरपट्ट्या बघताना ते तसे वाटत नाही. अर्थात अणुऊर्जेबाबत भाभांची बाजूही पोकळ नव्हती, आणि त्या काळी सौरविजेचा खर्च कोणालाही परवडणारा नव्हता, हेही नोंदवायला हवे.

इकडे संगणक भारतात येत होता, पण कोसंबींना वगळून. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५६ साली इंग्लंडहून यंत्र आणवले. मुंबईत भाभांच्या संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी यंत्र स्वतः बांधायला घेतले. आधी १९५६ मध्ये छोटी प्रायोगिक आवृत्ती, मग मोठे यंत्र, जे १९६० साली कामाला लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापाने ही सगळी स्मृती दहा किलोबाइट. सकाळी मोबाईलवर येणारे एक सुप्रभाताचे चित्रही त्यात मावणार नाही. पण त्या यंत्रावर देशातल्या पहिल्या पिढीचे संगणकतज्ज्ञ घडले. १९६२ साली पंतप्रधान नेहरूंनी त्याचे टीआयएफआरएसी असे नामकरण केले.

त्याच १९६२ साली कोसंबींना संस्थेतून बाहेर पडावे लागले. मतभेद विकोपाला गेले होते. शिवाय १९५९ साली त्यांनी कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात रीमान गृहीतकाची सिद्धता संभाव्यता पद्धतीने दिल्याचा दावा केला होता. गणितातला हा सर्वांत अवघड समजला जाणारा प्रश्न. सिद्धता टिकली नाही. अशी चूक मोठमोठ्यांच्या हातून झालेली आहे. पण चुकीच्या जागी, घाईने आणि ठामपणाने प्रसिद्ध केलेल्या त्या लेखाने गणितज्ञांच्या जगातली त्यांची पत घसरली. त्यांच्या चाहत्यांनी हा भाग वगळून त्यांचे चरित्र सांगण्याची प्रथा पाडली आहे. ती बरी नव्हे. भाभांनी एका स्वतंत्र बुद्धीच्या माणसाला दूर केले एवढेच सांगितले तर गोष्ट अर्धीच राहते. कोसंबींनीही आपल्या हाताने काही दोर कापले होते.

उत्पन्नाचा मुख्य आधार गेला, पण लेखणी थांबली नाही. उलट इतिहासकार म्हणून हाच त्यांचा बहराचा काळ. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये येऊन गेला होता. १९६२ मध्ये ‘मिथ अँड रिॲलिटी’ आले, १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा ग्रंथ. १९६४ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिकपद दिले आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे आल्प्समध्ये विमान अपघातात निधन झाले. त्यानंतर पाचच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, कोसंबी पुण्यात गेले. वय अवघे ५८.

त्यांच्या प्रमेयाचे आयुष्य मात्र त्यानंतर सुरू झाले. १९६७ साली अमेरिकेत जॉन लमली यांनी खळाळत्या प्रवाहातले मुख्य भोवरे ओळखण्यासाठी हीच पद्धत वापरली. आता लाखो गुणाकार यंत्र करणार होते. १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी चित्रे आणि ध्वनी आटोपशीर करण्याची कोसाइनवर आधारलेली पद्धत मांडली. ती मांडताना त्यांच्यापुढे आदर्श होता तो याच विस्ताराचा. हा विस्तार सर्वोत्तम, पण प्रत्येक चित्रासाठी मूळ आकार नव्याने काढावे लागतात. त्यांची कोसाइन पद्धत त्याच्या अगदी जवळ पोहोचते आणि फार झटपट चालते. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून तीच पद्धत पुढे जेपेग चित्रांत आली. आजच्या चलचित्रांत चौकोनांची मापे बदलली, पण वंश तोच. धरमपेठेतल्या मोबाईलवर नातवाचा चेहरा फुटतो तेव्हा दिसतात ते या घराण्यातले चौकोन.

१९८७ मध्ये सिरोविच आणि कर्बी यांनी माणसांच्या चेहऱ्यांवर हा विस्तार वापरून पाहिला आणि थोड्याच मूळ चेहऱ्यांच्या मिश्रणातून कोणताही चेहरा बऱ्यापैकी उभा करता येतो असे दाखवले. १९९१ मध्ये टर्क आणि पेंटलंड यांनी त्यातून चेहरा ओळखणारे यंत्र घडवले. चेहरा पाहून उघडणाऱ्या आजच्या मोबाईलमधले तंत्र बरेच पुढे गेले आहे, पण त्या वाटेवरचा एक मैलाचा दगड इथे आहे. अलीकडच्या काळात काही अभ्यासकांनी १९४३ चा निबंध पुन्हा उजेडात आणला. आता कुठे कुठे त्या विस्ताराला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह म्हटले जाऊ लागले आहे. ३१ जुलै २००८ रोजी टपाल खात्याने कोसंबींवर तिकीट काढले.

काही महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर यंत्र-अध्ययनाचे जाडजूड पुस्तक पाहिले. त्यात हा विस्तार होता आणि दोनच नावे होती. त्याच टेबलावर प्राचीन भारताच्या इतिहासाच्या टिपणांचा गठ्ठाही होता, कारण मुलगा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो. टिपणांत कोसंबींचे नाव लाल शाईने अधोरेखित होते. जाड पुस्तकातल्या त्या दोन नावांच्या आधी हेच नाव यायला हवे, असे मी त्याला सांगितले. त्याला वाटले, कोसंबी नावाचे दोन वेगळे गृहस्थ असावेत.

तसे पाहिले तर संगणकाच्या पडद्यावर कोसंबींचे नाव एका ठिकाणी कित्येक वर्षे ठळकपणे येते आहे. ते १९४४ च्या निबंधामुळे. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, याचा अंदाज संततीतल्या गुणांच्या अदलाबदलीवरून काढण्याचे सूत्र त्यांनी दिले होते. कापूस असो, गहू असो की भात, जनुकांचे नकाशे काढताना जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरले जाते. नकाशा काढणाऱ्या संगणकप्रणालीत काम सुरू करण्याआधी एक पर्याय निवडावा लागतो. एका ओळीत ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांचे नाव असते, दुसऱ्या ओळीत कोसंबी. नागपूरला तर देशाची केंद्रीय कापूस संशोधन संस्थाच आहे. कापसाच्या पैदाशीत काम करणाऱ्याला विचारले तर तो कोसंबी हे नाव लगेच ओळखतो, आणि ते इतिहासही लिहीत असत हे ऐकून चकित होतो.